लिमिट होल्डेममध्ये चांगली पाने कधी टाकावीत: नव्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

हातात दोन एक्के आहेत. फ्लॉपवर तुम्ही बेट लावली, टर्नवर लावली, आणि रिव्हरवर बोर्डावर तिसरे बदाम उतरताच इतका वेळ मुकाट्याने कॉल करणारा समोरचा खेळाडू स्वतःहून बेट लावतो. मनात पहिला विचार येतो तो 'याला लागले' हाच, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. तरीसुद्धा लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे ठरलेल्या आकाराच्या बेट लावून खेळायच्या या पोकरमध्ये, या जागी एक्के टाकून देणे सहसा चूक ठरते. आपण हरलो आहोत असे वाटणे आणि पाने टाकणे योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर मोजायचे कसे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. पानांची क्रमवारी आणि खेळाच्या चार फेऱ्या वाचकाला माहीत आहेत असे येथे गृहीत धरले आहे.

आधी बेटची रचना समजून घ्या

लिमिटमध्ये बेटचा आकार खेळाडू ठरवत नाही, नियम ठरवतात. १०-२० च्या टेबलावर फ्लॉपपूर्वीच्या आणि फ्लॉपच्या फेरीत प्रत्येक बेट आणि प्रत्येक रेझ १० चिप्सची असते. टर्न आणि रिव्हरवर ती २० चिप्सची होते. पहिलीला छोटी बेट आणि दुसरीला मोठी बेट म्हणतात. ब्लाइंड म्हणजे पाने पाहण्यापूर्वीच दोन खेळाडूंनी सक्तीने भरायची रक्कम; मोठा ब्लाइंड एका छोट्या बेटएवढा असतो आणि छोटा ब्लाइंड सहसा त्याच्या निम्मा. एका फेरीत बहुतेक ठिकाणी एक बेट आणि तीन रेझ एवढीच मुभा असते, आणि ती संपली की फेरी 'कॅप' झाली असे म्हणतात. दोघेच खेळाडू उरले असतील तर काही ठिकाणी ही मर्यादा लागू नसते, म्हणून टेबलावर बसण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

पाने टाकण्याच्या प्रश्नावर या रचनेचा थेट परिणाम होतो. नो-लिमिटमध्ये समोरचा माणूस रिव्हरवर सगळ्या चिप्स पुढे सरकवू शकतो आणि एका चुकीच्या कॉलने तुमचा सगळा साठा जाऊ शकतो. लिमिटमध्ये रिव्हरवरचा कॉल २० चिप्सचाच असतो, आणि तोपर्यंत पॉटमध्ये दीडशे-दोनशे चिप्स सहज जमलेल्या असतात. चुकून कॉल केला तर एक बेट जाते. चुकून पाने टाकली तर अख्खा पॉट जातो. नो-लिमिट खेळून लिमिटकडे वळलेले खेळाडू गरजेपेक्षा जास्त वेळा पाने टाकतात ते याचमुळे: भीतीची सवय जुन्या खेळाची असते, आणि किंमत नव्या खेळाची.

पहिली पायरी: पॉट बेटच्या हिशेबात मोजा

चिप्स मोजत बसू नका. त्यात वेळ जातो आणि लक्ष विचलित होते. बेट मोजा. फ्लॉपच्या फेरीपर्यंत छोट्या बेट मोजत जायचे, टर्नचे पान उलटले की आलेल्या आकड्याचा निम्मा करायचा, आणि तिथून पुढे मोठ्या बेट मोजायच्या.

वरचाच डाव घेऊ. तुमच्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट एक्का आहे. तुम्ही फ्लॉपपूर्वी रेझ केली, तुमच्या मागच्या एका खेळाडूने कॉल केला, छोट्या ब्लाइंडने पाने टाकली आणि मोठ्या ब्लाइंडने कॉल केला. तिघांच्या दोन-दोन छोट्या बेट आणि छोट्या ब्लाइंडची अर्धी, मिळून साडेसहा झाल्या. फ्लॉपवर बदाम दश्शी, बदाम सत्ती आणि किलवर दुर्री आली. तुम्ही बेट लावली आणि दोघांनीही कॉल केला, म्हणजे साडेनऊ. टर्नला इस्पिक राणी आली. आता निम्मे करा: ४.७५ मोठ्या बेट. तुम्ही पुन्हा बेट लावली, मागच्या खेळाडूने पाने टाकली, मोठ्या ब्लाइंडने कॉल केला: ६.७५. रिव्हरला बदाम तिर्री आली आणि मोठ्या ब्लाइंडने बेट लावली: ७.७५. चिप्समध्ये सांगायचे तर पॉटमध्ये १५५ आहेत आणि तुम्हाला २० भरायच्या आहेत.

ही मोजणी सुरुवातीला जड वाटते. ज्या डावात तुम्ही आधीच पाने टाकली आहेत, त्या डावांतही पॉट मोजत राहिलात तर काही बैठकांतच ती अंगवळणी पडते. आणि मला विचाराल तर नवशिक्याने सर्वांत आधी कमवावे असे कौशल्य हेच आहे. पॉटचा आकार माहीत नसेल तर पुढच्या कोणत्याही पायरीला अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी: कॉलची किंमत काढा

सूत्र एकच आहे. भरायच्या रकमेला, पॉट अधिक भरायची रक्कम, या बेरजेने भागायचे. वरच्या डावात २० भागिले १७५ म्हणजे ११.४ टक्के. याचा अर्थ असा की शंभर वेळा हाच प्रसंग आला आणि तुम्ही बारा वेळा जिंकलात, तरी प्रत्येक वेळी कॉल करणे फायद्याचे आहे. पाने टाकणे योग्य ठरायचे असेल तर तुम्ही हरलेले असण्याची शक्यता ८८.६ टक्क्यांहून जास्त असली पाहिजे. 'बहुधा हरलो' हे पुरेसे नाही; 'जवळपास नक्की हरलो' असे म्हणता आले पाहिजे.

काही किमती तोंडपाठ असाव्यात. एका बेटच्या कॉलसाठी पॉटमध्ये ४ बेट असतील तर २० टक्के, ६ असतील तर १४.३, ८ असतील तर ११.१, १० असतील तर ९.१ आणि १२ असतील तर ७.७ टक्के जिंकण्याची शक्यता लागते. जिथे टेबलाचा चालक प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापतो, तिथे तो हिस्सा वजा करून पॉट मोजावा.

हाच आकडा समोरच्याच्या बाजूनेही पाहण्यासारखा आहे. बेट लावण्यापूर्वी पॉटमध्ये ६.७५ बेट होत्या. त्याच्याकडे काहीही लागलेले नसताना तो एक बेट पणाला लावून ६.७५ मिळवू पाहत असेल, तर त्याचा ब्लफ फायद्यात जाण्यासाठी तुम्ही दर शंभरात तेरा वेळा पाने टाकणे पुरेसे आहे. म्हणजे या जागी तुम्ही ज्या ज्या पानांनिशी पोहोचता, त्यातली आठातली एकाहून जास्त टाकू लागलात तर समोरचा डोळे मिटून बेट लावू शकतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'सेफियस' हा संगणक कार्यक्रम जाहीर केला आणि दोन खेळाडूंचे लिमिट होल्डेम व्यावहारिक अर्थाने सुटले असल्याचे दाखवले. माणूस जन्मभर खेळला तरी त्याच्याविरुद्ध खात्रीलायक आघाडी सिद्ध करू शकणार नाही, इतका तो निर्दोष खेळाच्या जवळ पोहोचला आहे. हे शक्य झाले त्यामागे एक कारण असे की ठरलेल्या बेट आणि मर्यादित रेझ यांमुळे या खेळातील निर्णयांची संख्या अफाट असूनही मोजता येण्याजोगी राहते. तुम्हाला टेबलावर त्याचे गणित करायचे नाही. पण पाने टाकण्याचे प्रमाण हाही गणिताचा विषय आहे, एवढे यातून नक्की घ्यावे.

तिसरी पायरी: समोरच्याची पाने संयोगांत मोजा

'त्याच्याकडे फ्लश आहे' हे विधान अपुरे आहे. त्याच्याकडे काय काय असू शकते आणि प्रत्येक शक्यता किती प्रकारे जमते, हे पाहावे लागते. कोणतीही जोडी ६ प्रकारे जमते. एक्का-राजासारखी दोन वेगळी पाने १६ प्रकारे जमतात. त्यातले ४ एकाच चिन्हाचे आणि १२ वेगवेगळ्या चिन्हांचे. तुमच्या हातातली आणि बोर्डावरची पाने या संख्या घटवतात: बोर्डावर एक सत्ती असेल तर सत्तीची जोडी हातात असण्याचे ३ च प्रकार उरतात.

आपल्या डावात तीन बदाम बोर्डावर आहेत आणि तुमच्याकडे एकही नाही. उरलेल्या दहा बदामांतून दोन निवडण्याचे प्रकार ४५. पण मोठ्या ब्लाइंडवर बसलेला माणूस रेझला उत्तर देताना बदामाची कुठलीही दोन पाने ठेवत नाही. अगदी भरड पाने तो टाकेल, म्हणून आपण २४ धरू. दोन जोड्या आणि सेट (हातातली जोडी आणि बोर्डावर तिचेच तिसरे पान) यांनी बहुधा फ्लॉपवर किंवा टर्नवरच रेझ केली असती, म्हणून त्यांचे थोडेच, समजा ७ संयोग धरू. तुम्हाला हरवणारे संयोग ३१ झाले.

आता दुसरी बाजू पाहा. किंमत ७.७५ ला १ आहे, म्हणजे ३१ भागिले ७.७५. उत्तर येते ४. तुम्ही ज्यांना हरवता असे अवघे चार संयोग त्याच्या बेटमध्ये असतील, तर कॉलमध्ये नफाही नाही आणि तोटाही नाही. पाचवा सापडला की कॉल फायद्याचा. ते कुठून येतील? नव्वी-अठ्ठीला फ्लॉपवर दोन्ही टोकांची स्ट्रेट दिसत होती, गुलाम-नव्वीला टर्नच्या राणीनंतर दिसू लागली, आणि दोन्ही चुकल्या. दोघांचे मिळून बदामाव्यतिरिक्त ३० संयोग होतात. ज्याची स्ट्रेट चुकली असा माणूस बदामाचा धाक दाखवून साडेसात वेळांत एकदा जरी बेट लावत असेल, तरी चार पूर्ण झाले. शिवाय राणीची जोडी लागलेला एखादा आशेने बेट लावतो, तो वेगळाच.

या गणितातले २४ आणि ७ हे माझे अंदाज आहेत. तुमचे वेगळे येतील, आणि यावेत. महत्त्वाचे हे की अंदाज बराच इकडेतिकडे केला तरी निष्कर्ष फारसा हलत नाही. आणि एक बारकावा पाहा: तुमच्या दोन एक्क्यांपैकी एक बदामाचा असता, तर उरलेल्या नऊ बदामांतून ३६ च प्रकार शिल्लक राहिले असते आणि त्याने हौसेने ठेवली असती अशी एक्क्याची बदामे बाद झाली असती. हातात बोर्डाच्या चिन्हाचे मोठे पान असणे ही कॉलच्या बाजूची गोष्ट आहे, फ्लश लागला नसला तरीही.

चौथी पायरी: खरा निर्णय टर्नवर घ्या

रिव्हरवर पाने टाकण्याची चर्चा लोक फार करतात, पण चांगली पाने टाकून खरोखर चिप्स वाचतात त्या टर्नवर. इथे बेट दुप्पट झालेली असते, पुढे आणखी एक फेरी भरायची असते, आणि दोन माणसे आपसांत भिडली असतील तर आत्ताचा कॉल शेवटचा नसतो.

दुसरा डाव पाहा. तुमच्याकडे इस्पिक राजा आणि बदाम राजा आहे. तुमच्या रेझला मागच्या दोघांनी आणि मोठ्या ब्लाइंडने कॉल केला. छोटा ब्लाइंड बाहेर. साडेआठ छोट्या बेट. फ्लॉप: किलवर अठ्ठी, किलवर सत्ती, चौकट दुर्री. तुमच्या बेटला लगेच मागच्या खेळाडूने कॉल केला, शेवटच्याने पाने टाकली, मोठ्या ब्लाइंडने कॉल केला. साडेअकरा छोट्या, म्हणजे ५.७५ मोठ्या. टर्नला चौकट छक्की उतरली. मोठ्या ब्लाइंडने चेक केले (बेट न लावता पाळी पुढे सोडली), तुम्ही बेट लावली, मागच्याने रेझ केली, आणि मोठ्या ब्लाइंडने त्यावर पुन्हा रेझ केली. पॉट आता ११.७५ आहे आणि तुम्हाला दोन बेट भरायच्या आहेत.

वरवरचे गणित सांगते: २ भागिले १३.७५, म्हणजे १४.५ टक्के पुरेत. पण ही खरी किंमत नव्हे. मागच्याने नुसता कॉल केला तरी रिव्हरवर तुम्हाला आणखी एक बेट भरावी लागेल; तीन बेट भरून तुम्हाला १४.७५ मिळतील, म्हणजे लागणारी शक्यता १६.९ टक्के. मागच्याने फेरी कॅप केली, जे बरेच संभवते, तर चार बेट भरून १६.७५ मिळतील: १९.३ टक्के. शोडाउनपर्यंत, म्हणजे शेवटी पाने उलटून दाखवेपर्यंत, जाण्याचा पूर्ण खर्च आत्ताच मांडायचा असतो. 'आत्ता भरतो, रिव्हरवर बघू' असे म्हणून दोन बेट भरणे आणि मग रिव्हरवर पाने टाकणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे.

आता तुमच्या राजांची अवस्था पाहा. दश्शी-नव्वी, नव्वी-पंजी आणि पंजी-चव्वी, या तिन्हींची स्ट्रेट पूर्ण झाली आहे. अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की यांच्या दोन जोड्या आहेत, सेट आहेत. त्यातला एखादा खेळाडू फ्लशच्या आशेवर रेझ करतो आहे असे मानले, तरी दुसऱ्यानेही तसेच करावे हे अवघड आहे, आणि तुम्हाला दोघांनाही हरवायचे आहे. सुधारणेची आशाही तोकडी: न दिसलेल्या ४६ पानांत राजे दोनच, म्हणजे ४.३ टक्के, आणि स्ट्रेटसमोर तेही निरुपयोगी. समोर फक्त दोन जोड्या असतील तर बोर्डावरची दुर्री पुन्हा उतरूनही तुमची सरशी होऊ शकते, पण ते एकाच्या बाबतीत, दुसऱ्याचे काय? इथे मी राजे टाकतो, आणि तुम्हीही टाकावेत असे मनापासून सांगतो. अपवाद एकच: ते दोघेही तासभर कोणत्याही पानांवर रेझ करताना तुम्ही पाहिले असतील तर.

याच डावात मागचा खेळाडू नसता आणि मोठ्या ब्लाइंडने एकट्याने चेक करून रेझ केली असती, तर चित्र बदलले असते. एका माणसाच्या एका रेझला राजे टाकणे हे त्या माणसाची चांगली ओळख असल्याशिवाय करू नये.

पाचवी पायरी: हरलेल्या पानांतही किती जीव आहे ते पाहा

चांगल्या पानांचे दोन प्रकार करा: जी मागे पडली तर मागेच राहतात, आणि जी मागे पडूनही परत येऊ शकतात. ओव्हरपेअर (बोर्डावरच्या सगळ्या पानांहून मोठी हातातली जोडी) आणि टॉप पेअर (बोर्डावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी) पहिल्या प्रकारात मोडतात. सेट दुसऱ्या प्रकारात येतो, आणि नवे खेळाडू सेट टाकतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. टर्नवर तुमच्याकडे सेट असेल आणि बोर्डावर फ्लश किंवा स्ट्रेट पूर्ण झालेली दिसत असेल, तरी रिव्हरला बोर्डावरच्या दुसऱ्या तीन पानांपैकी कोणतेही जुळले किंवा तुमचे चौथे पान आले की तुम्ही पुन्हा वर येता: नऊ आणि एक, मिळून दहा पाने, ४६ पैकी. हे २१.७ टक्के झाले. पॉटमध्ये चार बेट असल्या तरी एका बेटचा कॉल एवढ्यावरच वसूल होतो, समोरचा नक्की फ्लश घेऊन बसला आहे असे मानले तरी. फ्लॉपवर असाल तर दोन पाने यायची असतात आणि शक्यता एक तृतीयांशाच्या आसपास असते. म्हणून सेट टर्नपर्यंत जवळजवळ कधीच टाकू नये.

दोन जोड्यांना ही सवलत नाही. त्यांना फुल हाउससाठी चारच पाने असतात, ८.७ टक्के, म्हणजे निव्वळ सुधारणेच्या आशेवर कॉल करायला पॉट साडेदहा बेटचा हवा.

सहावी पायरी: बेट कोणाची, आणि मधे कोण आहे?

वरची सगळी गणिते एका गोष्टीवर उभी आहेत: समोरचा कधी ना कधी ब्लफ करतो. काही माणसे करत नाहीत. जो खेळाडू दोन तास फक्त चेक आणि कॉल करत होता, त्याने रिव्हरवर तुमच्या बेटवर रेझ केली, तर एका जोडीनिशी कॉल करणे हे मला दानासारखे वाटते. पॉट १० बेटचा असला तरी ९.१ टक्के लागतात, आणि अशा माणसाच्या रिव्हरवरच्या रेझमध्ये तेवढाही ब्लफ सापडत नाही. लिमिटमध्ये चांगली पाने टाकण्याची सर्वांत विश्वासार्ह जागा हीच: निमूट खेळाडू, शेवटची फेरी, रेझ. उलट, सतत बेट लावणाऱ्या माणसाच्या रेझला त्याच पानांनी कॉल करा. पण नव्या टेबलावर पहिल्या अर्ध्या तासात कोणाविषयीही असे मत बनवू नका. तेवढ्या डावांतून माणूस कळत नाही.

तिसऱ्या माणसाचा विचार वेगळा करावा. एकाने बेट लावली, दुसऱ्याने कॉल केला आणि आता तुमची पाळी आहे. पॉट एका बेटने वाढला म्हणून किंमत स्वस्त दिसते, पण कॉल करणारा ब्लफ करत नसतो. बेट लावणाऱ्याच्या ब्लफवर तुमची भिस्त होती, आणि तो ब्लफ पकडायला आता दुसरा माणूस बसला आहे. तुम्हाला त्या माणसाच्याही वर असावे लागेल. एकट्यासमोर ज्या एक्क्यांनी डोळे मिटून कॉल केला असता, ते बदाम उतरलेल्या बोर्डावर इथे टाकणे पुष्कळदा बरोबर असते.

आणि फार चांगली पाने असताना प्रश्न बहुधा फोल्डचा, म्हणजे पाने टाकण्याचा, नसतोच. रिव्हरवर तुम्ही फ्लशनिशी रेझ केली आणि समोरच्याने पुन्हा रेझ केली, तर मोठ्या फ्लशची भीती रास्त आहे; पण त्या भीतीचे उत्तर पुढची रेझ न करता कॉल करणे हे आहे. भीती वाटली की थांबायचे कुठे, याच्या दोन जागा असतात: रेझवरून कॉलवर येणे आणि कॉलवरून फोल्डवर येणे. पहिली पायरी उतरायला थोडी शंका पुरते. दुसरीला जवळपास खात्री लागते. केवळ अंदाज घेण्यासाठी रेझ करणे मात्र टाळा. एका बेटमध्ये जे शोडाउनला दिसणार आहे, त्यासाठी दोन-तीन बेट खर्च होतात.

पाने टाकल्यानंतर

पाने उपडीच सरकवा. 'बघा, मी राजे टाकले' असे दाखवण्याचा मोह मोठा असतो, पण त्यातून टेबलाला एवढेच कळते की तुम्हाला रेझ करून उठवता येते, आणि पुढच्या तासाभरात ते तसे करून पाहतात. मग तुमचे सगळे अंदाज बिघडतात, कारण ब्लफचे प्रमाण तुम्हीच वाढवून ठेवलेले असते.

पाने टाकली म्हणजे डाव तुमच्यापुरता संपला असे मात्र नाही. वरच्या राजांच्या डावासारखे दोघे भिडलेले असतील तर शोडाउन होतो, आणि तो लक्ष देऊन पाहा. घरी गेल्यावर वहीत पाच गोष्टी लिहा: पॉट किती बेटचा होता, शेवटपर्यंत जायला किती भरावे लागले असते, तुम्हाला हरवणारे संयोग तुम्ही किती धरले होते, समोरच्याविषयी तुमचे मत काय होते, आणि पाने उलटली तेव्हा काय निघाले. एखाद्या डावात तुम्ही टाकलेले राजेच वर ठरले असते असे दिसले, तर त्या एका डावावरून पद्धत बदलू नका. १९ टक्के लागत असताना टाकलेली पाने दहांतून एकदा जिंकली असती, तर ती टाकणे बरोबरच होते. पण वहीत असे वीस-पंचवीस डाव जमले आणि त्यातल्या सात-आठांत टाकलेली पाने जिंकणारी निघाली, तर तिसऱ्या पायरीवर परत जा आणि समोरच्याच्या चुकलेल्या ड्रॉचे (अपुऱ्या राहिलेल्या स्ट्रेट-फ्लशचे) संयोग तुम्ही मोजत होता की नव्हता, ते पाहा.